बारी लावणारा शेवटी

आमच्या घरात दोन पक्ष आहेत. एक माझे सासरे, तहसीलमधून निवृत्त झालेले बाबू, राहणार बुऱ्हाणपूरच्या बुधवारा पेठेत. दुसरे माझे वडील, म्हणजे आबा, जवळच्या फोपनार गावचे केळीवाले शेतकरी. गेल्या निवडणुकीत दोघं आमच्याच ओट्यावर आपापल्या उमेदवारासाठी असे भांडले, की गल्ली गोळा झाली. निवडून आलेल्यानं नंतर दोघांनाही ओळख दाखवली नाही. पण यांचं बोलणं बंद ते बंदच.

अशात माझ्या मुलीचा साखरपुडा ठरला. आबा म्हणाले, "ते असतील तिथं मी पाय ठेवनार नाही." सासऱ्यांनी पेपरातून मान वर न करता तेच सांगितलं. कपाळ माझं! पोरीला दोन्ही आजोबा समोर हवे होते, आणि ती माझ्या तोंडाकडे बघत होती.

मी शाळेत नागरिकशास्त्र शिकवते. त्याच सुमारास आठवीच्या वर्गाकडून एक मनातलं गाव रचून घेत होते. त्यात पक्ष नसावेत आणि कारभार मात्र नीट चालावा. पहिल्याच तासाला एका पोरीनं विचारलं, "मॅडम, पार्टी नहीं तो झंडा कौनसा?" वर्गाचं घोडं तिथंच अडलं. मग मी या दोघांना विचारलं, वेगवेगळं गाठून.

सासरे खुलले. म्हणाले, ज्याला खुर्ची हवी त्याला ती द्यायचीच नाही, बाकीच्यांच्या नावाच्या चिठ्ठ्या टाका. आबांनी विहिरीचा रिवाज सांगितला. सामाईक विहिरीवर पाण्याची बारी, म्हणजे पाळी, जो लावतो, तो स्वतः सगळ्यांच्या शेवटी पाणी घेतो. "मंग बारी चुकायची काय बिशाद!"

मी यांचं त्यांना आणि त्यांचं यांना सांगत राहिले, कुणाचं ते न सांगता. विहिरीचा नियम ऐकून सासरे म्हणाले, "डोकं आहे माणसाला." चिठ्ठ्यांचं ऐकून आबा म्हणाले, "असा मानूस आपल्या बुऱ्हानपुरात पाहिजे होता." मला हसू आवरेना.

साखरपुडा तोंडावर आला तेव्हा खरं काय ते सांगून टाकलं. सासरे भडकले. आबांनी फोनच ठेवून दिला. मग माझंही डोकं फिरलं. पोरांसाठी गाव रचून देता, आणि तिथं स्वतः राहायची वेळ आली की पाय मागे? दोघांनाही हे ऐकवलं.

साखरपुड्याला आबा आले. बघते तर सासरे पंगत लावायला उभे. आबा सरळ दुसऱ्या टोकाला गेले आणि पत्रावळी मांडू लागले. मुलाकडचे जेवले, गल्ली जेवली, स्वयंपाकीसुद्धा जेवले. उरले हे दोघं, तेव्हा कुठे शेजारी शेजारी बसले. मी वाढायला गेले तर दराबा संपलेला. बुऱ्हाणपूरच्या माणसाला गोडात दराबाच लागतो, आणि परात पार खरवडून नेलेली.

आबा त्या परातीकडे बघत म्हणाले, "व्याहीबुवा, आपल्या गावात आपनच उपाशी."

"म्हणजे कायदा बरोबर चालला," सासरे म्हणाले, आणि भाताचं पातेलं त्यांच्याकडे सरकवलं.

मला रडू फुटलं. पोर आता सासरी जाणार म्हणून रडते आहे, असं सगळ्यांना वाटलं.