पापडातलं पाणी

"नुसतं हो म्हणू नका मावशी, सांगा," असं म्हणत ती ओढणी कमरेला खोचायची आणि तिनं सांगितलेलं माझ्या तोंडून परत ऐकायला माझ्यासमोर मांडी घालून बसायची. ओढणी खोचली की समजायचं, आज सुटका नाही.

ती माझ्या शेजारच्या खोलीतली. उल्हासनगरच्या दोन नंबर कॅम्पात आम्ही पाचसहा बायका एका सिंधी बाईंच्या अंगणात पापड लाटायला जायचो. त्यांना सगळे अम्मा म्हणत. कॉलेज सुटलं की हीसुद्धा तिथंच येऊन बसायची. बी.ए.ला ऑनर्सचे जादा पेपर घेतले होते तिनं. मला वाटायचं, इतकं शिकून ही कुठल्या तरी ऑफिसात पंख्याखाली बसणार. पण तिच्या डोक्यात भलतंच. आमच्याकडे मराठी आणि सिंधी पोरं एका वर्गात बसतात, त्यातली अर्धी नुसती बाईंच्या तोंडाकडे बघत राहतात. त्यांना दोन्ही भाषांत शिकवायचं, हे तिचं वेड. ऑनर्सचा प्रबंधही तिनं त्यावरच घेतला.

तिचे सर म्हणाले, "कागदावर नको, करून दाखव. जमलं तर अंबरनाथच्या शाळेला मी चिठ्ठी देतो."

शाळांना सुट्टी लागलेली. मग विद्यार्थी कोण? आम्ही!

"मॅडम, छडी आणली का?" एकीनं विचारलं.

"मावशी चौथी पास, मॉनिटर त्याच!" दुसरी म्हणाली. मी मान खाली घालून लाटत राहिले.

सर आले, खुर्चीवर बसले. तिनं धडा सुरू केला: उन्हात पापड वाळतो तेव्हा त्यातलं पाणी कुठं जातं? एक वाक्य मराठीत, एक सिंधीत. सिंधी ती अम्मांकडूनच शिकली होती. फार छान सांगत होती.

सरांनी विचारलं, "समजलं का?"

"हो!" आम्ही सगळ्या.

"की काहीच समजलं नाही?"

"हो!"

हसू नका. अम्मांच्या अंगणातली ती रीतच होती. काहीही विचारलं की 'हो' म्हणायचं आणि लाटत राहायचं. 'नाही' म्हटलं की अम्मा पुन्हा शिकवायला लाटणं घेऊन शेजारी बसत आणि सगळी दुपार त्यात जाई.

सरांनी वही मिटली. "दोन भाषांत सांगितलंस, आणि एकीलाही कळलं नाही."

तिचा चेहरा उतरला. मग ओढणी कमरेला खोचून ती माझ्याकडे वळली. "मावशी, तुम्ही अम्मांना समजावून सांगा."

मी परक्या पुरुषासमोर कधी तोंड उघडलेलं नाही. पण तिच्याकडे बघवेना. एक ओला पापड उचलला, एक वाळलेला, आणि अम्मांसमोर धरले.

"अम्मा, इसका पानी हवा ने लिया. कालपासून आभाळ आहे ना, हवा का पेट भरा हुआ है. आज वो और नहीं लेगी."

अम्मा कपाळावर हात मारून म्हणाल्या, "तो कल का माल इसलिए नरम था? और मैं तुम लोगों को डाँटती रही!"

सगळं अंगण हसलं. सरांनी वही पुन्हा उघडली आणि बराच वेळ लिहीत बसले. जाताना माझ्या हातातला वाळलेला पापड मागून घेतला.

चिठ्ठी मिळाली. पुढं बी.एड. करून ती अंबरनाथच्या त्या शाळेत लागली आणि बदलापूरला राहायला गेली. एकदा मी तिला भेटायला शाळेत गेले. ती व्हरांड्यात आली तर एक पोर पदर ओढून सिंधीत तक्रार करतंय, दुसरं मराठीत त्याचीच चहाडी सांगतंय. दोघांनाही ज्याच्या त्याच्या भाषेत दटावलं तिनं.

"मावशी, बसा हं, आलेच," म्हणाली, तोवर घंटा झाली.

ती वर्गात शिरली आणि पोरांचा गलबला थांबला. मी थोडा वेळ बाकावर बसून तिचा आवाज ऐकला. मग उठले. मला अम्मांकडचं काम होतं, आणि ती काही लवकर बाहेर येणार नव्हती.