मायकाची सळसळ कुठे गेली?

भुताखेताच्या गोष्टी रंगवून सांगणारी मी नव्हे. कुणी सांगायला लागलं की मी चहा ठेवायला उठते. पण हे माझ्याच गळ्याचं आहे, म्हणून लिहिते... हसायचं तर हसा.

मी खालापूरकडची. आमच्या आगरी लग्नात धवले, म्हणजे विधींची गाणी म्हणतात, ती म्हणणारी मी धवलारीण. धवला एकटीनं म्हणत नाहीत. एकीनं ओळ सोडायची, दुसरीनं तीच झेलायची. मी सोडायची आणि माझी थोरली जाऊ, बायजाबाय, झेलायची. जन्मभर असंच. गेल्या वर्षी ती गेली.

यंदा माझ्या गळ्यात गाठ निघाली. ऑपरेशननंतर आवाज बदलू शकतो, असं डॉक्टर म्हणाले. धवले पूर्ण येणारी आता मी एकटीच! भाची सोनाली कुंभिवलीला राहते, आवाज रेकॉर्ड करायचं काम करते. ती म्हणाली, "मावशे, आधी गाऊन घे, मग काय कापायचं ते कापू दे."

तिनं खोलीत गाद्या उभ्या केल्या, पंखा बंद, फ्रिजसुद्धा बंद. तरी कानाला हेडफोन लावला तर बारीक सळसळ.

"ही कसली गं?"

"मायकाची स्वतःची. कितीबी भारी माईक घे, थोडी असतेच. एवढी चालते. याच्यापेक्षा शांत कायच रेकॉर्ड होत नाय."

मी गायले. सवयीनं प्रत्येक ओळीनंतर थांबले, बायजाबायपुरती. माझं मलाच कळलं नाही.

मग सोनाली ऐकायला बसली आणि तिच्या कपाळाला आठ्या. मी मध्येच श्वास घेतला, घोटभर पाणी प्यायले, तिथे सळसळ होती. पण ओळीनंतरच्या त्या रिकाम्या जागांत काही म्हणजे काही नाही. साफ.

"मशीननं पुसली असंल," मी म्हटलं.

"मी तसलं काय लावलंच नाय गं!"

तिनं वायर बदलली, माईक बदलला. मला सलग गायला लावलं, तर सळसळ सगळीकडे. पुन्हा थांबत गायले... त्या जागा पुन्हा साफ.

शेवटी ती स्वतः शेजारी बसली आणि वेडीवाकडी का होईना, ओळ झेलली. सळसळ जागेवर!

"बायजामावशीला माझा सूर आवडला नसंल," पोरगी हसली. पण हातावर काटा होता तिच्या. मला भीती नाही वाटली हो, नुसतं नवल. वाटलं, कुणी ऐकायला श्वास रोखला की होतं तसं हे. पण मायकाचा श्वास कोण रोखणार?

तिला हे काम शिकवणाऱ्या मुंबईच्या सरांनी ऐकून सांगितलं, "तूच साफ केलंयस." ती शपथा घेऊन दमली.

ऑपरेशन झालं. गाठ साधी निघाली, पण आवाज बसला तो बसलाच. आता सोनाली ओळ सोडते आणि मी घोगऱ्या गळ्यानं झेलते. परवा दोघींचं रेकॉर्ड केलं. हेडफोन एकेका कानाला लावून आम्ही आधी गाणं नाही, सळसळच शोधली. होती. पहिल्यापासून शेवटपर्यंत.

"बरं झालं ना?" सोनालीनं विचारलं.

मी हेडफोन पुन्हा कानाला लावला, कुणी श्वास रोखलेली एखादी साफ जागा सापडते का बघायला. तुमच्यापैकी कुणाला यातलं कळत असेल तर सांगा. मला अजून कळलेलं नाही.