खालचं टोक

कपाट जिन्यावरून उतरवायला दोन माणसं लागतात. एक वर, एक खाली. बघणाऱ्याला वाटतं, वजन दोघांत सारखं वाटलं जातं. तसं नसतं. दहातले सात भाग खालच्यावर येतात. शिवाय तो उलटा चालतो, त्यामुळे त्याला पायरी दिसत नाही. वरच्यानं पट्टा ताणून धरायचा आणि पायऱ्या सांगायच्या.

माझा जोडीदार एकतीस वर्षं खालचं टोक धरत आला. सामान हलवण्याच्या ज्या गोदामात आम्ही कामाला होतो तिथं त्याला सगळे 'खालचा' म्हणायचे. मुकादमसुद्धा हजेरी घेताना विचारायचा, "खालचा आला का?" तो राहायचा मात्र चौथ्या मजल्यावर. मी त्याच इमारतीत पहिल्यावर. लिफ्ट नव्हती.

तूच का नेहमी खाली, असं मी त्याला एकदाच विचारलं होतं. म्हणाला, "तू पायऱ्या बरोबर सांगतोस." हे माझ्या मोजणीचं कौतुक होतं की माझ्या दंडांची कीव, ते मी शोधायला गेलो नाही.

आमचा एक नियम होता. ओझं जमिनीला लागलं की खालच्यानं म्हणायचं, "टेकलं." मग वरच्यानंही म्हणायचं, "टेकलं." दोघांचं म्हणून झाल्याशिवाय कुणी हात काढायचा नाही. बोटं वाचतात. आमच्या दोघांची मिळून वीस बोटं अजून जागेवर आहेत. या धंद्यात ते सगळ्यांना जमत नाही.

साथ यायच्या दोन वर्षं आधी वहिनींच्या, म्हणजे त्याच्या बायकोच्या, किडन्या गेल्या. दर मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी डायलिसिस. एक पाळी चुकली तर अंगावर सूज. दोन चुकल्या तर पुढचं डॉक्टर बोलत नव्हते. पायांत जोर राहिला नव्हता, आणि चौथ्या मजल्यावरून खाली बहात्तर पायऱ्या. आम्ही त्यांना हात असलेल्या खुर्चीत बसवायचो, पट्टा बांधायचो आणि उतरवायचो. तो खाली, मी वर. मला त्यांचा अंबाडा दिसायचा आणि त्यात खोचलेली तपकिरी क्लिप. उतरायला सात मिनिटं. दुपारी परत वर, अकरा मिनिटं. जाताना अंगात पाणी साठलेलं असायचं, साठ किलो. येताना सत्तावन्न.

"परतीला तीन किलो सूट," वहिनी म्हणायच्या. "भाऊजी, नशीब तुमचं. कपाटाला सूट नसते."

"कपाट बडबडही करत नाही," खालून तो.

"म्हणूनच तुमचं त्याच्याशी पटतं."

साथीच्या बातम्या आधी लांबच्या होत्या. मग एक दिवस दुपारी दोन वाजता मुकादमाचा फोन आला: गाड्या हलवायच्या नाहीत, आहात तिथं थांबा. एक अख्खं घर आम्ही तिसऱ्या मजल्यावरून उतरवून ट्रकमध्ये भरलं होतं. ते सगळं परत वर नेलं. एकच घर एका दिवसात दोनदा. शेवटी फ्रिज जागेवर ठेवला तेव्हा त्या घरातल्या आजोबांनी विचारलं, "आता कधी?"

"कळवतील," खालचा म्हणाला. कोण कळवणार, ते त्यालाही माहीत नव्हतं.

पट्टे गुंडाळून आम्ही चालत घरी आलो. दीड तास. दुकानांची शटर अर्ध्यावर ओढलेली, खालून हात बाहेर येऊन पिशव्या देत होते. तोंडं दिसत नव्हती.

त्या शुक्रवारी आम्ही तोंडाला फडकी बांधून वहिनींना उतरवलं. सोमवारी कळलं की डायलिसिसच्या ठिकाणी एका पेशंटला लागण झाली. इमारतीचे सेक्रेटरी निवृत्त मास्तर, अक्षर मोत्यासारखं. त्यांनी खाली सूचना लावली: चौथ्या मजल्यावरील रहिवाशांशी संपर्क टाळावा. नाव लिहिलं नव्हतं. चौथ्या मजल्यावर दोन घरं, त्यातलं एक तीन वर्षं बंद.

माझ्या बायकोला दमा आहे. तिनं सूचना वाचली, घरात आली. दम्याचा पंप आणून माझ्या ताटाशेजारी ठेवला. मी जेवलो.

मंगळवारी सात वाजता मी वर गेलो नाही. कळवलंही नाही. सात वाजून पाच झाले, दहा झाले. तो हाक मारेल असं वाटलं. त्याचा आवाज चार मजले सहज उतरतो. हाक आली नाही. सव्वासातला जिन्यात पावलं वाजली. माणूस एक, वजन दोघांचं. हे मला बघावं लागत नाही, नुसतं ऐकून कळतं.

संध्याकाळी त्याचा फोन आला.

"गुडघा दुखतोय का?"

"हो."

"शेक घे."

"घेतो."

"नुसत्या फडक्यानं नको. गरम पाण्याच्या पिशवीनं घे."

माझा गुडघा चांगला होता. ते त्याला माहीत होतं.

तो त्यांना पाठुंगळीला घ्यायचा. आमचा रुंद पट्टा त्यांच्या कमरेखालून आणि आपल्या खांद्यांवरून असा बांधायचा की दोन्ही हात मोकळे राहतील, एक कठड्याला, एक भिंतीला. खाली दवाखान्याची गाडी फाटकाशी थांबायची, पण ड्रायव्हर आता खाली उतरत नव्हता. त्यांची मुलगी दुसऱ्या गावी, रस्ते बंद. म्हणजे उतरवणं त्याचं आणि चढवणंही त्याचं. चढवणं दमाचं काम, उतरवणं गुडघ्यांचं. पण सगळ्यात महाग काम यातलं एकही नाही. सगळ्यात महाग म्हणजे जमिनीवरून उचलणं. साठ किलो एकदा खालून उचलायला जेवढी ताकद जाते तेवढ्यात तेच साठ किलो तीस पायऱ्या नेता येतात. म्हणून जाणता माणूस ओझं कधी जमिनीवर ठेवत नाही. उंचावर टेकवतो.

त्यानं तीन उंच लाकडी स्टुलं आणली आणि तिसऱ्या, दुसऱ्या, पहिल्या मजल्यावर एकेक ठेवलं. पट्टा न सोडता वहिनींना त्यावर टेकवायचं, दोन मिनिटं श्वास घ्यायचा, पुढं निघायचं. पहिल्या मजल्यावरचं आमच्या दाराशेजारी होतं.

दुसऱ्या आठवड्यात सेक्रेटरींनी त्याला जिन्याच्या वरच्या कठड्यावरूनच गाठलं. सगळी इमारत दाराआडून ऐकत होती.

"अहो, ही स्टुलं कुणाची?"

"माझी."

"जिन्यात सामान ठेवता येत नाही. नियम आहे."

"मग हिला कुठं टेकवू? तुमच्या मांडीवर?"

"मी सगळ्यांच्या आरोग्याचं बोलतोय."

"मीही एकीच्या आरोग्याचंच बोलतोय, मास्तर."

कुणीतरी हसलं. मग एक दार आतून बंद झालं, मग दुसरं.

चौथ्या आठवड्यात, गुरुवारी, स्टुलं गेली. तिसऱ्या आणि दुसऱ्या मजल्यावरची कुणी काढली ते मला माहीत नाही. अंदाज आहे, तो मी लिहीत नाही. पहिल्या मजल्यावरचं कुणी काढलं ते माहीत आहे. ते फिनेलनं धुऊन आमच्या गॅलरीत उलटं वाळत घातलेलं होतं. मी ते पाहिलं. बायकोनं मला ते पाहताना पाहिलं. आम्ही दोघांनी चहा घेतला.

शुक्रवारी सव्वासातला पावलं सुरू झाली. मी दाराच्या आत उभा होतो. दर मंगळवारी आणि शुक्रवारी मी तिथंच उभा राहायचो. तिसऱ्या मजल्यावर तो थांबला. एरवी दोन मिनिटं थांबायचा, त्या दिवशी दहा सेकंद. स्टूल नाही हे त्याला तिथं कळलं असणार. दुसऱ्यावर थांबलाच नाही. पावलं जवळ जवळ पडायला लागली होती. थकलेला माणूस पाऊल लवकर टाकतो, कारण एका पायावर उभं राहणं त्याला परवडत नाही.

चोपन्न पायऱ्या झाल्या आणि तो आमच्या दाराशी आला. इथंही काही नव्हतं.

पाठीवर माणूस असेल तर भिंतीला पाठ लावता येत नाही. तळहात लावायचे, कोपर ताठ करायचे आणि गुडघे किंचित वाकवायचे. असं तरणा माणूस तीन मिनिटं उभा राहतो. साठीला आलेला, चोपन्न पायऱ्या उतरून आलेला, एक मिनिट. मग मांड्या थरथरतात. थरथरत्या मांड्यांनी पुढच्या अठरा पायऱ्या उतरायच्या म्हणजे दोघंही खाली. त्याचे तळहात आमच्या दारालगतच्या भिंतीवर होते. श्वास ऐकू येत होता. नाकाचा नाही, तोंडाचा.

"अहो, ठेवा मला पायरीवर," वहिनी म्हणाल्या.

"ठेवली तर उचलता येणार नाही."

"मग बसते इथंच. जाणाऱ्या-येणाऱ्याशी गप्पा मारते."

"कोण येतंय?"

मग म्हणाल्या, "एक पाळी चुकली तर काही होत नाही."

"बोलू नको. बोललीस की वजन हलतं."

मी गॅलरीकडं गेलो. दारापासून सात पावलं. स्टूल सुलटं केलं. बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिनं माझ्याकडं पाहिलं, स्टुलाकडं पाहिलं, टेबलावरचा पंप उचलला, आतल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं.

मी बाहेरचं दार हातभर उघडलं. वर पाहिलं नाही. त्याचे बूट दिसले, डावी नाडी सुटलेली. स्टूल बाहेर सरकवलं आणि दार लावलं. एवढंच केलं. त्यापेक्षा जास्त केल्याचं कुणी सांगितलं तर ते खोटं आहे.

लाकूड करकरलं. मग बराच वेळ नुसता श्वास.

मग तो म्हणाला, "टेकलं."

तो वहिनींशी बोलत नव्हता. ते दोघं एकमेकांशी हे कधी म्हणायचेच नाहीत. मी आत उभा होतो. माझ्या हातात काही नव्हतं. दाराला तोंड लावून मी म्हणालो, "टेकलं."

त्यानं मग नाडी बांधली असावी, कारण पुढच्या अठरा पायऱ्यांवर सैल बुटाचा आवाज आला नाही.

त्यानंतर ते स्टूल दाराबाहेरच राहिलं. तो निघून गेला की माझी बायको काठीला फडकं बांधून ते पुसून घ्यायची. बाई वाईट नाही. सेक्रेटरींनी पुन्हा विषय काढला नाही. वरच्या दोन मजल्यांवर शेवटपर्यंत काही नव्हतं. अकरा आठवडे. बावीस वेळा खाली, बावीस वेळा वर. मी एकदाही गेलो नाही. दार उघडलं तेही त्या एकदाच.

पुढं गोदाम उघडलं तेव्हा मुकादमानं त्याला ट्रकवर यादी तपासायला ठेवलं आणि वर्षभरात तेही थांबलं. हाक मात्र 'खालचा' अशीच मारत राहिले. पण हे नंतरचं.

बंदी उठली त्या मंगळवारी मी सातला पाच मिनिटं कमी असताना चौथ्या मजल्यावर गेलो. दार उघडं होतं. वहिनी खुर्चीत बसल्या होत्या, पट्टा बांधलेला.

"गुडघा?" त्यानं विचारलं.

"बरा आहे."

"बरं झालं."

तो खुर्चीच्या मागं जाऊन उभा राहिला. मी माझ्या जागेवर जायला निघालो तर तिथं तो होता. मी थांबलो.

"तू खाली धर," तो म्हणाला.

"का?"

"वाकता येत नाही." किती वाजले सांगावं तसं त्यानं सांगितलं.

एकतीस वर्षांत मी खालचं टोक धरलं नव्हतं. पुढच्या पायांशी बसलो, हात घातले, उठलो. सात भाग म्हणजे किती ते तेव्हा कळलं.

"भाऊजी, सवय नाही तुम्हाला," वहिनी म्हणाल्या. "पाडलंत तर भूत होऊन तुमच्याच दाराशी बसेन. स्टूल आहेच तिथं."

मी पाय मागं टाकून पहिली पायरी चाचपली.

खालून चालताना माणूस समोर दिसतो. दोन वर्षं मी त्यांचा फक्त अंबाडा पाहिला होता. आता डोळे दिसत होते. ते माझ्यावर नव्हते, भिंतीवर होते, आणि हातावर अंगठा एकेका पेरावरून पुढं सरकत होता. त्या पायऱ्या मोजत होत्या. दोन वर्षं मी मोठ्यानं सांगत होतो आणि त्या ताडून बघत होत्या.

वरून तो सांगत होता, "आली, पायरी आली." त्याला मोजायची सवय नव्हती. पहिल्या मजल्यावर आमच्या दाराशी म्हणाला, "सतरा राहिल्या."

"अठरा," वहिनी म्हणाल्या.

अठराच होत्या. शेवटच्या पायरीवरून मी उलटा पाय खाली टाकला, फरशी लागली, खुर्चीचे पुढचे पाय ठेवले, मग मागचे.

"टेकलं," मी म्हणालो.

वरून लगेच काही आलं नाही. मी वाकलेलाच राहिलो, हात खुर्चीखाली. फाटकाशी गाडीनं हॉर्न दिला. वहिनींचा अंगठा शेवटच्या पेरावर थांबला होता.

मग तो म्हणाला, आणि मी हात काढला.