शाईवरचा रफार

त्याचं खरं नाव बिलावर असायचं, बाकी सगळे त्याला फायनलराव म्हणत. दुकानांचे बोर्ड, खोक्यांवरची लेबलं, दवाखान्यांच्या फायली, असं काहीही तो कॉम्प्युटरवर करून द्यायचा आणि पाठवताना फाइलच्या नावापुढे ‘फायनल’ लिहायचा. मग ‘फायनल दोन’ यायचं, मग ‘आता फायनल’, मग ‘हेच फायनल’. छापखान्यातली माणसं ‘हेच फायनल’ आलं की निवांत चहा मागवायची, कारण अजून एक तरी येणार हे त्यांना पाठ झालं होतं. फायनलरावाला त्याचा राग नव्हता. बदलता येतंय तोवर बदलावं, यात वावगं काय? चष्म्याची फ्रेम असो की भिंतीचा रंग, ‘करून तर बघू, नंतर बदलू’ म्हणता म्हणता त्याची पन्नाशी उलटली होती.

त्याच्या भाचीचा धंदा याच्या बरोबर उलटा. ती टॅटू काढायची. तिच्या हातून गेलेली रेघ त्या माणसाबरोबरच जायची, त्यामुळे ती तोलूनमापून बोलायची आणि त्याहून तोलूनमापून हात चालवायची. कोणाला अंगावर शब्द काढून हवा असला की ती तो आधी त्याच्याकडूनच मोठ्याने वाचून घ्यायची, एकेक अक्षर, दोनदा. लोक कंटाळायचे. कंटाळू देत, म्हणायची. इतकी वर्षं दुसऱ्याच्या दुकानात एका खुर्चीवर काम केल्यावर आता ती स्वतःचं दुकान उघडत होती आणि नाव ठरलं होतं ‘शाई’.

बोर्ड, कार्डं, जाहिरात, भिंतीवरच्या सूचना, सगळं मामाने करायचं होतं. त्यात मेख एवढीच की भाचीची आई, म्हणजे फायनलरावाची ताई, उद्घाटनाला येणार होती. ताई शाळेत भाषा शिकवून निवृत्त झालेली. तिने लाल पेनाने सुधारलेल्या वह्या एकावर एक रचल्या असत्या तर छताला टेकल्या असत्या. मुलीने हा धंदा धरल्यापासून मायलेकींचं बोलणं ‘जेवलीस का’ आणि ‘हो’ यापलीकडे सरकलं नव्हतं. मुलीच्या कामाच्या जागी तर ताईने एकदाही पाऊल टाकलं नव्हतं. या वेळी मात्र, उभ्या उभ्या येऊन जाईन, असं भावाकडे बोलली होती.

“मामा, आई एकदाच येणार आहे,” भाची म्हणाली. “तिला नावं ठेवायला जागा राहता कामा नये.”

मामाने आधी जाहिरात केली. आजच या, लवकर या, पहिल्या गिऱ्हाइकांना सूट, अशी त्याची नेहमीची फोडणी होती. भाचीने ती वाचली आणि घाईने आलेल्या माणसाला मला परत पाठवावं लागतं, असं सांगून परत केली. मग बऱ्याच फायनलांनंतर जाहिरातीवर दोनच शब्द उरले: ‘सावकाश या.’ फायनलरावाला ही जाहिरात म्हणजे गिऱ्हाइकाला दारातूनच हाकलण्याचा प्रकार वाटला, पण दुकान तिचं होतं. भिंतीवरच्या सूचना त्यामानाने चटकन झाल्या. नव्या टॅटूला हात लावू नका, खाजवू नका, फुंकर घालू नका. शेवटची ओळ भाचीने ठळक करायला लावली, कारण लोक हात आवरतात पण तोंड आवरत नाहीत.

घोडं अडलं ते बोर्डावर. शटरच्या पेटीमुळे दारावर उंची अगदी कमी होती आणि ‘ई’च्या डोक्यावरचा रफार वरच्या पट्टीला जाऊन आपटत होता. अक्षरांची जाडी नीट दिसावी म्हणून फायनलरावाने तेवढ्यापुरता रफार काढून ठेवला. नंतर बसवू, म्हणाला. जाडी बघून घे, एवढंच त्याला भाचीला सांगायचं होतं, पण सवयीने बोटं चालली आणि तिच्या फोनवर चित्रासोबत नुसतं एवढंच गेलं: ‘शाई फायनल’.

भाचीने डाव्या हाताचा पुढचा भाग वर्षानुवर्षं कोरा ठेवला होता. स्वतःच्या दुकानाचं चिन्ह तिथे येणार, पहिली जाहिरात आपल्याच हातावर, हे तिने कधीचं ठरवलं होतं. फायनल आल्याचं पाहिलं आणि त्याच दुपारी ती बसली. स्वतःच्या हातावर उलटीकडून काम करताना अक्षर दिसत नाही, नुसत्या रेघा दिसतात. आणि मोठ्याने वाचायला लावणारं तिच्यासमोर कोणी नव्हतं.

दोनेक आठवड्यांनी मामा छापलेला नमुना घेऊन आला. रफार आता नीट बसला होता, जरासा ठेंगणा करून. भाचीने नमुना बघितला, मग बाही वर केली आणि हात त्याच्या शेजारी धरला. हातावर सुबक, काळंभोर, कायमचं लिहिलं होतं: ‘शाइ’.

शब्दाच्या शेवटी येणारी ई दीर्घ, हे ताईने शाळेतल्या पोरांच्याही आधी धाकट्या भावाला घोकायला लावलं होतं.

“तू फायनल म्हणालास,” भाची म्हणाली. आवाज चढवला नाही. चढवला असता तर त्याला बरं वाटलं असतं.

तो खूप बोलला. फायनल म्हणजे तसं फायनल नव्हे, हे सगळ्यांना माहीत असतं, असंही म्हणून बसला आणि मग त्याने जीभ चावली. त्याला स्वतःची लाज वाटली, अगदी मनापासून. लांब बाह्यांचं काहीतरी घाल, असं त्याने सुचवल्यावर भाचीने, मी बाह्या वर करून काम करते, एवढंच उत्तर दिलं.

तोडगा तिनेच काढला. कातडीवरून पुसता येत नाही, पण भर घालता येते. जुन्या काळ्याशेजारी नवा काळा ठिगळासारखा दिसेल, म्हणून रफार लाल. बोर्डावरही लालच. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी तिने हात टेबलावर ठेवला आणि मामासमोर पेन सरकवलं. रफार तू काढ, त्यावरून मी सुई फिरवते.

त्याने काढला आणि स्पिरिटच्या बोळ्याने पुसला. पुन्हा काढला, पुन्हा पुसला. कधी फार उभा, कधी फार आडवा. कॉम्प्युटरवर एका बटणात होणारी गोष्ट इथे होईना आणि पुसून पुसून भाचीची कातडी लाल व्हायला लागली.

“मामा,” ती म्हणाली, “आता काढशील तो मी घेणार.”

फायनलरावाने पेन उचललं, खाली ठेवलं, तळहात पँटला पुसला आणि रफार काढला. तो थोडा डावीकडे कलला. मामा काही बोलायच्या आत मशीनची घरघर सुरू झाली होती. संध्याकाळी बोर्डवाल्याकडे जाऊन त्याने तसाच कललेला रफार बोर्डावर चढवून घेतला. बोर्डवाल्याने नेहमीप्रमाणे, उद्या बदलायचाय का, असं विचारलं. नाही, म्हणून फायनलराव घरी गेला.

ताई ठरल्या वेळी आली आणि बाहेरच थांबली. बोर्डाकडे मान वर करून बराच वेळ बघत राहिली. मग आत आली, सूचना वाचल्या, कार्ड उलटंसुलटं केलं. चूक कुठेच नव्हती. फायनलरावाचा जीव टांगणीला लागला होता. सूट नाही ना घातलीस जाहिरातीत, असं तिने भावाला विचारलं तेव्हा तो नको तितका मोठ्याने हसला.

मग तिचं लक्ष मुलीच्या हाताकडे गेलं. तिने मनगट धरलं आणि हात उजेडाला घेतला. काळी अक्षरं कातडीत मुरून गेली होती. लाल रफार मात्र ताजा होता, भोवती सुजलेला.

“हा नंतर दिलाय,” ताई म्हणाली. आयुष्यभर नंतर दिलेले लाल रफारच बघितलेली बाई ती. तिने भावाकडे एकदा पाहिलं. त्याने मान खाली घातली. तिला आणखी काही विचारावं लागलं नाही.

हात तिने सोडला नव्हता. आता ऐकून घ्यायचं, अशा तयारीने मुलगी उभी होती.

“दुखलं का गं?”

इतकी वर्षं कोणीही हे विचारलं तरी मुलीचं उत्तर ठरलेलं होतं, छे, काहीच नाही.

“हो,” ती म्हणाली. “खूप.”

ताईने हात आणखी जवळ ओढला, मान खाली केली आणि त्या रफारावर हळूच फुंकर घातली, लहानपणी खरचटलेल्या गुडघ्यावर घालायची तशी. फायनलराव नेमका भिंतीवरच्या सूचनांच्या पाटीला टेकून उभा होता. त्याने मुकाट्याने एक पाऊल सरकून शेवटची ओळ पाठीआड केली. भाचीने त्याच्याकडे पाहिलं, पण हात काही मागे घेतला नाही.