दोन गाठींची पुडी

शिरगाव सोडलं त्या सकाळी आयने गुळाचा कोरा चहा दिला आणि भाजलेले बोंबील फडक्यात बांधले. बाबा बांबूच्या वलांडीवर मासळी वाळत टांगत होते. होडीवर त्यांच्या मदतीला मी एकटाच मुलगा. मागे न बघता म्हणाले, "तिकडं कोन वळखतं तुला?"

मुंबईत मस्जिद बंदरच्या एका चहाच्या वखारीत आधी पेट्या उचलल्या. घासाघीस मला उपजत येत होती. जीभ मात्र घडवावी लागली. शेठने शिकवलं: पेले रांगेत मांडायचे, फिक्यापासून सुरुवात, कडक शेवटी. चमचाभर जोरात भुरकायचा, तोंडात खेळवायचा आणि तस्तात थुंकायचा. गिळत गेलं की पुढचे फरक कळेनासे होतात. कित्येक महिने मला सगळे पेले सारखेच लागले. मग एके दिवशी एका चहाने जीभ आवळली, दुसऱ्याने नुसता रंग दाखवला, तिसऱ्याला ओल्या गोणपाटाचा वास आला. त्या तिसऱ्यावरून मी दलालाशी असा भांडलो की शेठ हसत सुटला. पण अट होती. चाखणाऱ्याने विडी, कांदा, सुकी मासळी तोंडात घालायची नाही. कोळ्याच्या पोराने बोंबील सोडले.

पहिल्यांदा घरी गेलो तेव्हा आयने बोंबील वाढले, मी ताट सरकवलं. मग तिने चहा दिला. सवयीने भुरकला आणि अंगणात थुंकला.

बाबा उठले. "आयच्या हातचं थुकलास? पोटात घ्यायला लाज वाटते, तर इथं यायाचं नाय."

मी सांगायला गेलो, त्यांनी ऐकलं नाही. मीही त्यांचाच मुलगा, तसाच निघालो. वखारीत टाकाऊ चहासुद्धा चाखून मगच नाकारतात. मला न चाखताच नाकारलं. हे अजून सलतं.

पुढे तारापूरला वीजकेंद्राचं बांधकाम निघालं, बोईसरला परमुलखातले कामगार आले. मी तिथे चहाचं दुकान टाकलं. शिरगाव जवळ, पण पाय वळला नाही. आय मासळीची पाटी घेऊन बाजाराला यायची. एकदा म्हणाली, "होडीवरच्या लोकांना पुडी दे रे." पुढच्या खेपेला निरोप आणला, "लोक म्हनतात, रंग हाय, पन घशाला लागत नाय."

मी भडकलो. "लोकांना सांग, तुमच्या विहिरीचं पानी मचूळ हाय!"

तरी त्या मचूळ पाण्यासाठी कडक पत्ती वेगळी मिसळून पाहिली. दोन पुड्या दिल्या, एकीच्या सुतळीला एक गाठ, दुसरीला दोन. निरोप आला, "एक गाठीची जिभेवर ऱ्हाते, दोन गाठींची घशात उतरते. दोनची दे."

"कोन लोक गं हे, आय?"

"हाय एक म्हातारा," ती पाटी उचलत म्हणाली. "तुज्यासारखाच भुरकतो. थुकत नाय तेवढा."

परवा पाटीतून एक पुडकं आलं. वलांडीवरचे बोंबील, माझ्याच सुतळीने बांधलेले, दोन गाठी मारून. निरोप नाही. 'ये' असंही नाही. ते मी विसरणार नाही. पण दुसऱ्या दिवशी दलाल नमुने घेऊन येणार हे माहीत असूनही मी ते भाजले आणि सगळे खाल्ले. सकाळी त्याला दारातूनच परत पाठवलं: आज जीभ बंद.

गाव सोडलेल्यांनो, आपण बाहेर पुष्कळ चाखतो आणि थुंकतो. त्याशिवाय पोट भरत नाही. घर तेवढं गिळायचं असतं, बोंबलासारखं, काट्यासकट.