शिशाचं सील

बासष्टच्या जानेवारीत माझी बदली मद्रासला झाली. हुद्दा हवालदार, काम वाहनदुरुस्तीचं. तांबरमच्या पुढे पत्र्याच्या तीन शेड, हीच आमची वर्कशॉप. सकाळी सहाला पीटी, साडेसातला हत्यारं हातात. दहानंतर उन्हात राहिलेला पाना उचलवत नसे. माझ्याकडे डिस्पॅच रायडर्सच्या, म्हणजे निरोप पोचवणाऱ्या जवानांच्या, अकरा मोटारसायकली होत्या. महायुद्धात वापरून झालेल्या, म्हाताऱ्या, पण खणखणीत.

कार्बुरेटर म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. इंजिनात पेट्रोल किती आणि हवा किती जायची, ते तो ठरवतो. बाहेर हवेचा एक स्क्रू, आत एक बारीक सुई, सुईला खाचा. सुई एक खाच वर घेतली की पेट्रोल वाढतं, खाली घेतली की कमी होतं. नीट जमलं तर प्लगचं टोक खारकेच्या रंगाचं दिसतं. पेट्रोल जास्त झालं की प्लग काजळी धरतो आणि गाडी बंद पडते.

ही जुळवणी मी करायचो. मग झाकणातून आणि स्क्रूमधून तार ओवून तिच्यावर पकडीने शिशाचं सील दाबायचो. रायडर मंडळी गाडीशी चाळे करतात म्हणून वर्कशॉपचा तसा नियम होता. सील तोडलं की चार्ज, म्हणजे शिस्तभंगाचा खटला. प्रत्येक सीलवर माझा नंबर उमटायचा आणि खरं सांगायचं तर मला त्याचा तोरा होता.

या तोऱ्याला न जुमानणारा एकच माणूस होता, लान्स नाईक गोविंद राव. मद्रासच्याच टी. नगरचा, तंजावरकडच्या मराठी घरातला. पहिल्या दिवशी त्याची मराठी ऐकून मला हसू आलं. तो शांतपणे म्हणाला, "ही जुनी, अण्णा. तुमची मागून बदलली."

गोविंद कानाने गाडी जुळवायचा. इंजिन गरम करायचा, डोळे मिटायचा आणि स्क्रू जरासा फिरवायचा. त्यासाठी माझं सील बिनदिक्कत तोडायचा.

"सकाळचें वारें वेगळें, दुपारचें वेगळें," तो म्हणायचा. "इंजिन सांगतें. ऐका की."

"इंजिन नाही, मी सांगतो. सील तोडायचं नाही."

दोनदा सोडला. तिसऱ्यांदा चार्जवर चढवला. त्याची लान्स नाईकची फीत गेली, तो पुन्हा शिपाई झाला, वर सात दिवस बरॅकबंदी. अकरा गाड्यांत त्याचीच गाडी सगळ्यात चांगली चालायची, पण ते मी चार्जशीटवर लिहिलं नाही. शिक्षा संपल्यावर तो माझ्यासमोर उभा राहिला.

"सरी, अण्णा. पुनः नाहीं तोडणार."

सरी म्हणजे तमिळमधलं 'बरं'. मला वाटलं, आला वठणीवर.

ऑक्टोबरात आम्हाला उत्तरेला हलवलं. पाच दिवस आगगाडी, पुढे ट्रकने डोंगर. गाड्या मद्रासच्या समुद्रकाठी जुळवलेल्या, सील लावलेल्या, तशाच वर गेल्या. दहा हजार फुटांवर सगळ्या काळा धूर सोडायला लागल्या. कारण शाळकरी पोराला कळावं असं होतं. हवा विरळ झाली होती आणि पेट्रोल तेवढंच जात होतं. सुई एक खाच खाली घ्यायची, स्क्रू अर्धा फेरा फिरवायचा. एका गाडीला दहा मिनिटं. पण ठरलेली जुळवणी बदलायला मद्रासच्या वर्कशॉपचा लेखी हुकूम लागायचा. मी सिग्नल पाठवला. उत्तर नाही.

मेजरसाहेबांना विचारलं. ते म्हणाले, "टेक्निकल मॅटर आहे, हवालदार. तुम्ही ठरवा." मी ठरवलं. नियमाप्रमाणे थांबायचं.

तिसऱ्या दिवशी दुपारी दीड वाजता पुढच्या पोस्टवरचा वायरलेस सेट बंद पडला. त्याआधी एवढंच ऐकू आलं होतं, "डावीकडून हालचाल. मोठी. ऑर्डर द्या. ओव्हर." ऑर्डर मागे येण्याची होती. चारच्या आत कंपनीने पोस्ट सोडायला हवी होती, नाहीतर परतीची वाट तुटणार होती. अंतर नऊ मैल. रस्ता खचला होता, जीप जात नव्हती.

"राव, किती वेळ?" मेजरसाहेबांनी विचारलं.

"गाडी चालली तर पाऊण तास, सर."

त्याने हुकुमाचा कागद खिशात घातला आणि माझ्याकडे वळला.

"अण्णा, एकच खाच?"

"उत्तर आलेलं नाही."

"सरी."

किक मारली. काळा धूर निघाला. वेळ तेरा पन्नास.

पुढचं मला त्या कंपनीच्या सुभेदाराकडून कळलं. गोविंद पोस्टवर पोचला तेव्हा पाच वाजायला वीस मिनिटं होती. पायी आला होता, आल्या आल्या कागद पुढे केला. कंपनी निघाली. वाट तुटलेली होती. शेवटच्या सेक्शनबरोबर तो मागे राहिला. चौदा जण परत आले नाहीत, त्यांत तो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एका तुकडीबरोबर वर गेलो. चौथ्या मैलाशी गाडी दिसली. रस्त्याच्या कडेला, स्टँडवर, नीट लावलेली. प्लग काढून, पुसून रुमालावर ठेवला होता. रुमाल काजळीने काळा झाला होता. किती वेळा पुसला असेल, कोण जाणे. टूलकिट उघडी होती. पक्कड वरच होती. तार एका दाबात तुटली असती.

सील शाबूत होतं. माझा नंबर स्वच्छ वाचता येत होता.

मी तिथे खाली बसलो आणि रडलो. आजवर हे कुणाला सांगितलेलं नाही.

मद्रासचं उत्तर नंतर चार दिवसांनी आलं. "सील उघडण्यास हरकत नाही." पुढे गाड्यांची तपासणी झाली. तपासणाऱ्या साहेबांनी शेरा लिहिला, "सर्व सील सुस्थितीत. शिस्त उत्तम." खाली माझी सही घेतली. मी केली. चौकशीत गाडी बंद पडण्याचं कारण उंची असं ठरलं. उंचीला कोण चार्जवर चढवणार?

मद्रासला परतल्यावर टी. नगरला गेलो. गोविंदचे वडील निवृत्त शिक्षक होते. दारात खाली मान घालून उभा राहिलो, तर त्यांनीच हाताला धरून आत नेलं. कॉफी आली. मग त्यांनी विचारलं, "त्याचें कांहीं चुकलें का?"

खरं सांगायचं ठरवूनच गेलो होतो. तोंडातून निघालं ते असं, "नाही. त्याने हुकूम पाळला."

म्हातारा मान हलवत राहिला. म्हणाला, "लहानपणापासून कुणाचें ऐकलें नाहीं त्यानें. माझें सुद्धा नाहीं. तुमच्याविषयीं लिहायचा. तुमी वळण लावलें. फार उपकार झाले."

त्यांनी हात जोडले. मीही जोडले. कॉफी तशीच राहिली.

पुढे दहा वर्षं नोकरी केली. सील लावायची ती पक्कड पुन्हा हातात घेतली नाही. दोनदा जाब विचारला गेला, ऐकून घेतला. शहिदांच्या यादीत त्याचं नाव शिपाई म्हणून आहे, कारण फीत मीच काढायला लावली होती. ती यादी मला बदलता येणार नाही. इथे लिहिणं माझ्या हातात आहे.

लान्स नाईक गोविंद राव.