सात नंबरचं नाक

शहात्तर-सत्याहत्तर साल असेल. कारंज्यातल्या एका छोट्या दवाखान्यात मी ड्रेसर होतो, म्हणजे ऑपरेशननंतरच्या जखमा धुवायच्या, पट्ट्या बांधायच्या. आणि एकाच आठवड्यात आमच्याकडच्या तीन जखमा चिघळल्या... पेनिसिलिनची इंजेक्शनं चालू असताना!

सगळ्यांनी बोट दाखवलं यशोदाबाईकडे. वॉर्ड झाडणारी बाई, घरात एकटी कमावणारी. सगळ्यात मोठा आवाज माझाच... "साहेब, तिच्याच हातानं घाण येऊन राह्यली, तिले काढा!"

डॉक्टर म्हणाले, "आधी सगळ्यांची नाकं तपासू, माझंही. मग ठरवू." नाकं? मला तर हसूच आवरेना! पण त्यांनी खरंच प्रत्येकाच्या नाकात कापसाची काडी फिरवली. तिन्ही जखमांमधला पूही घेतला. नाकांच्या नळ्यांवर नुसते नंबर टाकले आणि नावांची यादी स्वतःच्या ड्रॉवरमध्ये ठेवली.

नळ्या घेऊन अकोल्याच्या लॅबमध्ये मीच गेलो, चार दिवसांनी निकाल आणायलाही मीच. तिथल्या साहेबांनी आमचे जंतू वाढवलेल्या काचेच्या बशा दाखवल्या. औषधात भिजवलेल्या कागदाच्या टिकलीभोवती जंतू मेले की तेवढी जागा गोल, मोकळी दिसते... सात नंबरच्या बशीत मात्र पेनिसिलिनच्या टिकलीला खेटून जंतू वाढलेले! जखमांमध्ये सापडले तेही अगदी असेच. आयुष्यात पहिल्यांदा असं काही बघत होतो, अंगावर काटाच आला!

एसटीत मला बसवेना. स्टँडवर उतरलो तो पळतच दवाखान्यात. यशोदाबाई दारातच फरशी पुसत होती, तिच्यादेखत ओरडलो, "साहेब, सापडली! सात नंबर!"

डॉक्टरांनी यादी काढली, वाचली आणि माझ्याकडे वळवली. सात नंबरसमोर माझं नाव.

ना सर्दी, ना ताप... धडधाकट माणूस! आणि गरम होतं म्हणून पट्टी बांधताना मास्क रोज नाकाखाली. डॉक्टर रागावले नाहीत, नाकात लावायला मलम दिलं आणि बरा होईपर्यंत पेशंटपासून लांब ठेवलं. पेशंटना दुसरं औषध सुरू झालं आणि तिन्ही जखमा भरल्या!

त्या दिवशी यशोदाबाईंसमोर माझं तोंडच उघडेना. शेवटी त्याच जवळ आल्या. "काहून मुका झाला भाऊ? तुयी नोकरी त नाई ना गेली?"

मी त्यांची नोकरी घालवायला निघालो होतो... आणि त्यांना काळजी पडली होती माझ्या नोकरीची.